सात भाऊ, सात नवऱ्या आणि एक कोठार: 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' आज दाखवावा का?

जुनापडदा

आमच्या वाचनालयाचे चित्रपट मंडळ महिन्यातून एकदा एखादा जुना चित्रपट दाखवते. पुढच्या महिन्याची निवड माझ्याकडे आली आहे आणि मी 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' हे नाव सुचवले आहे. एमजीएमने १९५४ साली काढलेला आणि स्टॅन्ली डोनन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट म्हणजे वेस्टर्नच्या मुलुखात घडणारी, गाण्यांनी आणि नाचांनी भरलेली विनोदी कथा आहे. त्यात पिस्तुलांची द्वंद्वे नाहीत आणि दरोडेखोरही नाहीत. कुऱ्हाडी, करवती, घोडे, बर्फ आणि भरपूर मारामारी मात्र आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १८५० साली ऑरेगॉनच्या डोंगरात पॉन्टिपी आडनावाचे सात भाऊ राहत असतात. थोरला ॲडम (हॉवर्ड कील) कातडी विकायला गावात येतो आणि त्याच फेरीत बायकोही मिळवायची असे ठरवतो. खाणावळीत राबणारी मिली (जेन पॉवेल) त्याच्या नजरेस पडते, तिच्या हातचे जेवण त्याला आवडते आणि लगोलग दोघांचे लग्न लागते. घरी पोचल्यावर तिला कळते की आपल्याला एका नवऱ्याचा नव्हे, तर सात आडदांड पुरुषांचा संसार रेटायचा आहे. ती त्या सहा दिरांना माणसांत आणते. मग त्यांनाही लग्नाची ओढ लागते. ॲडम त्यांना एका जुन्या रोमन कथेचा दाखला देतो आणि आवडलेल्या मुली सरळ उचलून आणायला सांगतो. मुली आणताना मागे हिमकडा कोसळतो, खिंड बंद होते आणि सगळ्यांना वसंत ऋतू येईपर्यंत तिथेच अडकून पडावे लागते.

माझे मत स्पष्ट आहे. या चित्रपटाचा जीव कथेत नसून अंगमेहनतीतून उगवलेल्या त्याच्या नाचांत आहे, आणि तसे नाच पडद्यावर फार थोड्या वेळा पाहायला मिळाले आहेत. परंतु मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला आहे की, मुलींना पळवून आणण्यावर हसवणारा चित्रपट सहकुटुंब दाखवणे योग्य नाही. त्यांचा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. आपल्याला काय वाटते?

दादरकर

नि:शंकपणे दाखवा. कोठार बांधण्याच्या प्रसंगातला नाच मोठ्या पडद्यावर पाहायला मिळणार असेल, तर मी गाडी पकडून तुमच्या गावी येईन.

शेवंती

मी विरोधी मत मांडते, कारण हा चित्रपट मी प्रेमाने पाहिलेला आहे आणि तरीही तो मला खुपतो. ॲडमचे पहिलेच गाणे आठवून पाहा. तो गावातून फिरत एकेका स्त्रीला न्याहाळतो आणि जी मिळेल तिच्या अंगी कोणते गुण हवेत याची यादी गातो. कातडी विकायला आलेला माणूस त्याच नजरेने बायको शोधतो आहे, हे गाण्याच्या शब्दांतही उघड दिसते. जॉनी मर्सर यांनी ते जाणूनबुजून तसे लिहिले असणार, हे मला मान्य आहे. पण चाल इतकी उमदी आहे आणि कील यांचा खर्जातला आवाज इतका भारदस्त आहे की, प्रेक्षक त्या नजरेला दाद देऊन मोकळा होतो.

पुढे मुलींना घोंगड्यांत गुंडाळून, तोंड दाबून नेण्याचा प्रसंग आहे. तो वेगाने, विनोदी संगीतावर बसवलेला आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. त्या प्रसंगात सभागृह हसत असताना ती माझ्याकडे पाहील, तेव्हा मी तिला काय सांगावे? याच काळातला आणि याच जातकुळीचा 'कॅलॅमिटी जेन' (१९५३) दाखवायला काय हरकत आहे? त्यातही हॉवर्ड कील आहेतच, शिवाय बंदूक चालवणारी, घोडा फेकणारी डॉरिस डे आहे आणि ऑस्कर मिळालेले 'सीक्रेट लव्ह' आहे.

नाट्यवेडा

शेवंतीताई, 'कॅलॅमिटी जेन' मलाही आवडतो, पण त्यात तरी काय घडते? शिकागोहून आलेली केटी त्या मनस्वी मुलीला झाडलोट शिकवते, झगा नेसवते, आणि तेव्हा कुठे पुरुषांना ती दिसू लागते. सेव्हन ब्राइड्समध्ये नेमके उलट आहे. इथे बाई बदलत नाही, पुरुषांना बदलावे लागते. पहिल्या रात्रीच्या जेवणाचा प्रसंग पाहा. मिलीने मन लावून मांडलेल्या टेबलावर सातही भाऊ तुटून पडतात, कोणी तिची वाट पाहत नाही, कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. ती क्षणभर उभी राहते आणि सरळ टेबल उलटून टाकते. डुकरांसारखे वागणार असाल तर डुकरांसारखेच खा, असे त्यांना बजावून ती माडीवर निघून जाते. १९५४ सालच्या नायिकेला एवढा संताप आणि एवढी पत क्वचितच मिळाली आहे.

रानवाट

नाचांबद्दल धागाकर्त्यांशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि ते नाच तसे का झाले याचे कारणही मोठे रंजक आहे. नृत्यदिग्दर्शक मायकेल किड सुरुवातीला हे काम घ्यायला तयार नव्हते. डोंगरात राहणारी, शेणामातीत काम करणारी ही सात माणसे एकाएकी उठून नाचू लागली तर ते हास्यास्पद दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच त्यांनी वाट काढली. या माणसांच्या हातांत रोज जे असते आणि त्यांच्या अंगाला रोज ज्या हालचालींची सवय असते, त्यांतूनच नाच उभा करायचा.

याचा उत्तम नमुना म्हणजे हिवाळ्यातले 'लोन्सम पोलकॅट' हे गाणे. मुलींपासून दुरावलेले सहा भाऊ बर्फात लाकडे फोडताहेत, करवत चालवताहेत. गाण्याची लय अतिशय संथ आहे आणि कुऱ्हाडीचा घाव नेमका तालाच्या ठोक्यावर पडतो. एकजण करवतीवर वाकतो, दुसरा कुऱ्हाड खांद्यावर टाकून वळतो, तिसरा ओंडक्यावर पाय ठेवून थबकतो, आणि हे सगळे कॅमेरा न तोडता एकाच सलग दृश्यात घडते. दिग्दर्शकाने त्यांचे विरहाने व्याकूळ झालेले चेहरे जवळून दाखवण्याचा मोह टाळला आहे. काम करणारी शरीरेच तो उदासपणा सांगतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा गाणे संपल्यावर मला उमगले की, यात एकही उडी नाही, एकही गिरकी नाही, आणि तरीही हा अव्वल दर्जाचा नाच आहे.

गोदाकाठ

कोठाराच्या प्रसंगाविषयी लिहितो. एका शेतकऱ्याचे कोठार उभारण्यासाठी सारा गाव एका दिवसासाठी जमतो, बायका जेवण घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत चार भिंतींचा सांगाडा उभा राहतो, ही अमेरिकेतल्या वसाहतींमधली खरीखुरी प्रथा होती. आपल्याकडच्या इर्जिकीत जसे एकाच्या शेतावर सगळे राबतात, मालक जेवण घालतो आणि कामाला गाण्याची साथ असते, त्याच धर्तीचे ते सहकार्य होते. म्हणून तो नाच उपरा वाटत नाही. काम, जेवण, चढाओढ आणि मुलींसमोर मिरवणे हे सगळे त्या दिवसात आधीपासूनच असते, चित्रपटाने फक्त त्याला संगीत दिले.

त्या प्रसंगाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. आधी नाच होतो. गावातले तरुण आणि पॉन्टिपी बंधू मुलींसाठी एकमेकांवर कुरघोडी करतात. फळीवर तोल सांभाळणे, सुताराच्या लाकडी घोड्यांवर टाकलेल्या तुळईवरून कोलांटी मारणे, हातातल्या कुऱ्हाडीच्या दांड्यावरून उडी घेणे असे एकेक कसब वरचढ होत जाते. नंतर प्रत्यक्ष काम सुरू होते आणि गावातले तरुण भावांच्या डोक्यात 'चुकून' फळ्या पाडू लागतात, बोटांवर हातोडे हाणतात. मारामारी न करण्याचा मिलीला दिलेला शब्द आठवून भाऊ दात-ओठ खाऊन गप्प राहतात, पण ॲडमच्या डोक्यावर फळी आदळते आणि त्यांचा संयम सुटतो. मारामारीत सगळे कोठार जमीनदोस्त होते. नाचात ज्या ताकदीने मुलींना जिंकले, त्याच ताकदीने सगळे घालवले. विनोदी चित्रपटात इतका नेटका प्रसंग विरळा.

पोर्टलंडकर

मी गेली बरीच वर्षे ऑरेगॉनमध्ये राहतो, म्हणून एक ऐतिहासिक संदर्भ जोडतो. चित्रपटाचा काळ १८५० हा आहे आणि नेमक्या त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ऑरेगॉनसाठी जमीन देण्याचा कायदा केला. १ डिसेंबर १८५० पर्यंत तिथे आलेल्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर जमीन मिळत असे. जोडप्याला मात्र ६४० एकर मिळे आणि त्यातली निम्मी पत्नीच्या स्वत:च्या नावावर होई. या तरतुदीमुळे त्या मुलुखात लग्नांची घाई उडाली. मुळात स्त्रियांची संख्या फारच कमी होती. त्यामुळे सकाळी भेट आणि संध्याकाळी लग्न, हे चित्रपटात विनोदासाठी दाखवलेले असले तरी त्या काळात अगदीच अशक्य नव्हते.

आणखी एक गोष्ट नोंदवणे मला गरजेचे वाटते. ही जमीन मोकळी नव्हती. ज्या मूळ रहिवाशांकडून ती गेली त्यांचे या चित्रपटात कुठेही दर्शन होत नाही. हसतखेळत पाहण्याच्या चित्रपटात तो विषय यावा असे माझे म्हणणे नाही, पण मंडळात चित्रपटापूर्वी दोन शब्द बोलण्याची प्रथा असेल, तर हे सांगावे.

शेवंती

पोर्टलंडकर, ही माहिती फार मोलाची आहे. मिलीच्या नावावर ३२० एकर! हे कळल्यावर त्या घरातल्या तिच्या शब्दाला येणारे वजन वेगळेच वाटू लागते. चित्रपटात या कायद्याचा उल्लेख नाही, तरीसुद्धा यापुढे तो चित्रपट पाहताना मी हे विसरू शकणार नाही.

सप्तसूर

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांची या कथेशी पहिली ओळख 'सत्ते पे सत्ता'मुळे झाली, हे कुणीच कसे लिहिले नाही? राज एन. सिप्पी यांचा १९८२ चा तो चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे. तिथे भावांची नावे वारांवरून ठेवली आहेत, रवीपासून शनीपर्यंत. अमिताभ बच्चन आणि हेमा मालिनी आहेत, राहुलदेव बर्मन यांचे संगीत आहे. मला विचाराल तर 'प्यार हमें किस मोड पे ले आया' या गाण्यात विरहाची जी गंमत आहे, ती मूळ चित्रपटातल्या लाकूडफोडीच्या गाण्यापेक्षा जास्त खेळकर आणि जास्त आपली आहे.

रानवाट

सप्तसूर, गाणे सुरेख आहेच, पण दोघांचे काम वेगळे आहे. आपल्या गाण्यात भाऊ विरहाचे नाटक करतात आणि आपण त्यांच्या लटपटीला हसतो. मूळ गाण्यात विनोद शब्दांत आहे आणि अंगात खरे एकटेपण आहे. मी दोन्ही ठेवीन, पण पहिला मान लाकूडफोडीला देईन.

विहंग

सत्ते पे सत्ताने उत्तरार्धात बाबू नावाचा दुसरा अमिताभ आणून कथा गुन्हेगारीकडे वळवली. तो भागही रंगतो, पण त्यामुळे सहा भाऊ आणि सहा मुली मागे पडतात. मूळ चित्रपट शेवटपर्यंत त्यांच्याजवळच राहतो. बंद घरातला लांबलचक हिवाळा, मुलींच्या खोड्या, बर्फाच्या गोळ्यांचा मारा आणि हळूहळू निवळत जाणारा राग हीच तिथे पुढची कथा आहे.

अनघा_ठाणे

आणि मराठीचा धागा तर फारच गोड आहे. सत्ते पे सत्तामध्ये सर्वांत धाकट्या शनीची भूमिका सचिन पिळगांवकर यांनी केली होती. पुढे २००८ साली त्यांनीच 'आम्ही सातपुते' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात सुप्रियाताईंबरोबर स्वत: कामही केले. रोमन दंतकथा, अमेरिकी लघुकथा, हॉलिवूडची संगीतिका, हिंदी चित्रपट आणि मग सातपुत्यांचे घर, इतका प्रवास फार थोड्या कथांच्या वाट्याला येतो.

कलादालन

मी थोडे विरुद्ध सुरात लिहितो. नाच उत्तम आहेत, पण चित्रपटाचे रंगवलेले पडदे मला आजही बोचतात. ऑरेगॉनचे डोंगर, फुललेले माळ, बर्फाची शिखरे, यातले बहुतेक स्टुडिओतल्या कापडावर रंगवलेले आहे. मिली लग्नानंतर आनंदाने माळावर गाते तेव्हा तिच्या मागचे आकाश चित्रातले आहे हे लपत नाही. वेस्टर्न म्हटला की मोकळा निसर्ग हवा, आणि इथे तोच नकली आहे.

रानवाट

कलादालन, त्यामागे पैशाचे कारण होते. त्याच सुमारास एमजीएमचा 'ब्रिगाडून' तयार होत होता आणि स्टुडिओचा सगळा भर त्याच्यावर होता. सेव्हन ब्राइड्सचा खर्च कमी करण्यात आला आणि चित्रीकरण मुख्यत: स्टुडिओतच उरकावे लागले. प्रत्यक्षात प्रेक्षकांनी याच चित्रपटाला डोक्यावर घेतले. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर नामांकने मिळाली आणि संगीत-संयोजनासाठी ॲडॉल्फ डॉइश व सॉल चॅप्लिन यांना ऑस्कर मिळाले.

माझ्या डोळ्यांना तो रंगवलेला निसर्ग खटकत नाही, कारण ही मुळात लोककथेच्या धाटणीची गोष्ट आहे. खरे डोंगर असते तर खरे अपहरण वाटले असते. चित्रातले डोंगर प्रेक्षकाला पहिल्यापासून सांगत असतात की, तुम्ही एक रचलेली गोष्ट पाहता आहात. शेवंतीताईंच्या आक्षेपाला हे पुरेसे उत्तर नाही, याची मला जाणीव आहे, पण उत्तराचा एक भाग यात नक्कीच आहे.

कलादालन

तुमचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. तरीही खरी झाडे असती तर मला अधिक आवडले असते, यावर मी ठाम आहे.

सुलभा

रंगांचा विषय निघालाच आहे, तर पोशाखांविषयी लिहिते. सहाही भावांना वेगवेगळ्या रंगांचे सदरे दिले आहेत. इतक्या गर्दीत कोण कुठला हे त्यामुळे पटकन ओळखता येते, आणि गावातले प्रतिस्पर्धी तरुण फिकट, करड्या कपड्यांत असल्याने नाचात दोन गट आपोआप वेगळे दिसतात. वॉल्टर प्लंकेट यांनी मुलींचे पोशाख करताना जुन्या गोधड्यांचे कापड वापरले होते. त्या झग्यांवरचे ठिगळांचे नक्षीकाम आणि धुवून धुवून मऊ झालेला रंग नीट पाहा. नव्या कापडाला तो पोत येत नाही. वसाहतीतल्या घरात कापड वाया जात नसे, आणि ते त्या झग्यांत दिसते.

ग्रंथपाल

मूळ कथेबद्दल कुणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून थोडे लांबवतो. चित्रपट स्टीफन व्हिन्सेंट बेने यांच्या 'द सॉबिन विमेन' या लघुकथेवर आधारलेला आहे आणि ती कथा सबाईन स्त्रियांच्या रोमन दंतकथेवर रचलेली आहे. रोम नुकते वसले होते, पुरुष होते पण स्त्रिया नव्हत्या, म्हणून रोमचा संस्थापक रोम्युलस याने उत्सवाच्या निमित्ताने शेजारच्या सबाईन लोकांना बोलावले आणि त्यांच्या मुली पळवल्या. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने रोम्युलसच्या चरित्रात ही हकीकत दिली आहे. मिलीने आणलेल्या दोन पुस्तकांत एक बायबल आणि दुसरे प्लुटार्क असते, आणि ॲडम हिवाळ्यात त्यातूनच ही कथा उचलतो. त्याने जे वाचले त्याचा निम्माच अर्थ त्याला कळतो, ही या चित्रपटाची खरी मेख आहे.

कारण दंतकथेचा उत्तरार्ध वेगळा आहे. सबाईन सैन्य सूड घ्यायला चालून येते, तेव्हा त्याच स्त्रिया तान्ही मुले घेऊन दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभ्या राहतात आणि युद्ध थांबवतात. जाक-लुई दाविद यांनी १७९९ साली पूर्ण केलेले भव्य चित्र याच क्षणाचे आहे. ते लूव्र संग्रहालयात आहे. दोन्ही हात पसरून उभी असलेली रोम्युलसची पत्नी हर्सिलिया आणि तिच्या पायाशी लहान मुले, असे ते दृश्य आहे.

आता चित्रपटाचा शेवट आठवा. खिंड मोकळी झाल्यावर बंदुका घेऊन आलेले बाप कोठाराशी पोचतात, झटापट सुरू होते आणि सगळा निकाल एका तान्ह्या मुलीच्या रडण्यावर लागतो. पाद्री विचारतात की, हे मूल तुमच्यापैकी कुणाचे? त्यावर सहाही मुली एका सुरात सांगतात की, ते माझे आहे. हसू येतेच, पण रोमन कथेतल्या स्त्रियांनी जे केले तेच या मुली करतात. पुरुषांनी सुरू केलेले भांडण त्या स्वत:च्या इच्छेने आणि एका मुलाच्या आधाराने मिटवतात. पटकथाकारांमध्ये अल्बर्ट हॅकेट यांच्याबरोबर फ्रान्सिस गुडरिच आणि डोरोथी किंग्सली या दोन स्त्रिया होत्या, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

शेवंती

ग्रंथपाल, तुमचे उत्तर वाचून मी काल रात्री शेवटचा अर्धा तास पुन्हा पाहिला. दोन गोष्टी मला नव्याने दिसल्या. मुली घरात आल्याबरोबर मिली सगळ्या पुरुषांना घराबाहेर काढून कोठारात झोपायला पाठवते आणि मुलींच्या बाजूने ठामपणे उभी राहते. ती रागावून एका शब्दाने हे 'गैर आहे' असे म्हणून थांबत नाही, तर कृती करते. ॲडम तो अपमान सहन न होऊन डोंगरावरच्या खोपटात एकटा निघून जातो आणि मुलगी झाल्याचे कळेपर्यंत परतत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे परतणे. बाप झाल्यावर त्याला पहिल्यांदा उमगते की, आपली मुलगी कुणी अशी उचलून नेली असती तर आपल्याला काय वाटले असते. तो ते मिलीजवळ बोलून दाखवतो आणि मुलींना घरी पोचवायचे ठरवतो. म्हणजे चित्रपटाला आपल्या नायकाची चूक ठाऊक आहे आणि ती तो त्याच्या तोंडून वदवून घेतो. माझ्या मुलीला मी हाच प्रसंग दाखवीन.

तरी पळवून आणण्याचा प्रसंग ज्या उत्साहाने चितारला आहे, त्याविषयीचे माझे मत कायम आहे. पश्चात्ताप दोन मिनिटांचा आहे आणि धमाल दहा मिनिटांची. तराजू तिथे झुकतो.

नाट्यवेडा

दोन मिनिटे आणि दहा मिनिटे हा हिशेब मला पटतो. मात्र ती दोन मिनिटे कील यांनी किती संयमाने निभावली आहेत, हेही मोजावे. एरवी छाती काढून गाणारा हा नट तिथे आवाज खाली आणतो.

विहंग

वातावरण थोडे हलके करू या. भावांची नावे इंग्रजी अक्षरमालेच्या क्रमाने आहेत: ॲडम, बेंजामिन, केलब, डॅनियल, इफ्रेम, फ्रँक, गिडियन. बाकीची नावे आईने बायबलमधून घेतली, पण 'एफ'चे नाव सापडेना, म्हणून एका मुलाचे नाव चक्क फ्रँकिन्सेन्स, म्हणजे ऊद, ठेवले. त्याला पूर्ण नावाने हाक मारली की तो मारायला उठतो. आता यापुढचे अक्षर पाहा. ॲडम आणि मिली यांच्या मुलीचे नाव हॅना आहे. सासूबाईंची अक्षरमाला सुनेने पुढे नेली!

दादरकर

ही हॅनाची गोष्ट माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. आता पुन्हा पाहणे आले.

सुलभा

माझा आवडता विनोद मिलीच्या कपडे धुण्याच्या प्रसंगातला आहे. ती सकाळी सहाही दिरांचे सगळे कपडे, अगदी अंतर्वस्त्रांसकट, धुवायला मागते आणि दाढी करून माणसांत आल्याशिवाय परत द्यायला नकार देते. पांघरुणांत गुंडाळून बसलेले ते सहा राकट पुरुष आणि दारात हात कमरेवर ठेवून उभी असलेली ती ठेंगणी मुलगी! घरात शिस्त लावण्याचा याहून झटपट उपाय मी पाहिलेला नाही.

जुनापडदा

सर्वांचे मनापासून आभार. इथली चर्चा मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली. आक्षेप घेणाऱ्या सभासदांनी शेवंतीताईंचे आणि ग्रंथपालांचे प्रतिसाद दोनदा वाचायला मागितले. ठरले असे की चित्रपट दाखवायचा, जाहिरातीत त्यातला अपहरणाचा भाग स्पष्टपणे लिहायचा, म्हणजे पालकांना स्वत: निर्णय घेता येईल, आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवायची. सुरुवातीचे दोन शब्द बोलताना १८५० च्या जमीन कायद्याचा आणि मूळ रहिवाशांचा उल्लेख मी करणार आहे. ग्रंथपालांनी सांगितलेले दाविद यांचे चित्रही पडद्यावर दाखवू.

आता एक तांत्रिक प्रश्न. या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत असे ऐकले. कोणती दाखवावी?

रानवाट

सिनेमास्कोपची, म्हणजे रुंद पडद्याचीच दाखवा. त्या वेळी सगळ्या चित्रपटगृहांत सिनेमास्कोपची भिंगे नव्हती, म्हणून एमजीएमने कमी रुंदीच्या पडद्यासाठी चित्रपट वेगळा चित्रित केला. दुसरी आवृत्ती कुतूहल म्हणून पाहावी, पण सात भाऊ एका ओळीत उभे राहण्याचा आनंद रुंद चौकटीतच आहे. छायाचित्रकार जॉर्ज फॉल्सी यांनी ती रुंदी कुठेही मोकळी सोडलेली नाही. कोठाराच्या नाचात डाव्या टोकाला एक जोडी, मध्ये फळीवरची कसरत आणि उजव्या टोकाला हिरमुसलेला प्रतिस्पर्धी, असे सगळे एकाच वेळी दिसते. प्रक्षेपकाची चौकट आधी तपासून घ्या. कडा कापल्या गेल्या तर एखादा भाऊ अर्धाच उरेल.

गोदाकाठ

आणि प्रेक्षकांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा, म्हणजे ते नाचात नीट लक्ष घालतील. या भावांमध्ये निरनिराळ्या शाळांतले नर्तक आहेत. इफ्रेमच्या भूमिकेतले जॅक दांबुआज न्यूयॉर्क सिटी बॅलेचे, डॅनियल झालेले मार्क प्लॅटही बॅलेतले, केलब झालेले मॅट मॅटॉक्स पुढे जॅझ नृत्याचे नामांकित शिक्षक झाले, तर गिडियनच्या भूमिकेतले रस टॅम्बलिन कसरतपटू होते. ते पुढे 'वेस्ट साइड स्टोरी'मध्येही दिसले. बेंजामिन झालेले जेफ रिचर्ड्स मात्र बेसबॉलचे खेळाडू होते, नर्तक नव्हते. म्हणून बहुतेक नाचांत ते कडेला उभे असतात किंवा बसलेले असतात. आणि त्यांची जोडीदार कोण, तर जुली न्यूमार, जी स्वत: उत्तम नर्तकी होती!

शेवंती

मी मुलीला घेऊन येत आहे. चर्चेसाठी मागची रांग राखून ठेवू नका, आम्ही पुढे बसू.

अनघा_ठाणे

टॉमी रॉल यांना विसरू नका, ते फ्रँक झाले आहेत. लाल सदरा लक्षात ठेवा आणि कोठाराच्या नाचात त्यांच्या उड्या पाहा. हवेतून ते खाली येतात ते थेट पुढच्या हालचालीतच, मध्ये तोल सावरायला ते कधीच थांबत नाहीत.